कापलेल्या टायरची खरी हकीकत

तो टायर कापला जात असताना जे हजर नव्हते, त्यांनीच त्याची हकीकत सर्वांत रंगवून सांगितली आहे. दोन महिन्यांपूर्वी एका टायरवाल्याच्या शोकसभेत आमच्या व्यापारी मंडळाच्या अध्यक्षांनी ती पुन्हा एकदा सांगितली. अध्यक्षांचा धंदा भांड्यांचा आहे आणि टायरशी त्यांचा संबंध गाडीत बसण्यापुरता आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दिवंगत गृहस्थ तापट होते, नव्या मालाचे वैरी होते, आणि समोरच्या दुकानात विकलेला टायर आपल्या दुकानात आलेला सहन न होऊन त्यांनी गिऱ्हाइकाच्या देखत त्यावर सुरी चालवली. सभागृह हसले. शोकसभेत हशा पिकला की वक्त्याला आपण मृताचा गौरव केला असे वाटत असावे.

समोरचे दुकान म्हणजे माझे. कापलेला टायर मी विकलेला. सुरी चालत होती तेव्हा टायर दाबून धरणारे दोन हातही माझेच होते. या विषयावर बोलण्याचा अधिकार पनवेलमध्ये कोणाला असेल, तर तो मला आहे. सभेत मला कोणी बोलायला सांगितले नाही, कारण आम्ही दोघे एकमेकांचे वैरी होतो अशी गावाची समजूत आहे. ती समजूत गावाने स्वतःच्या करमणुकीसाठी केली आहे आणि तिला मी आजवर उत्तर दिले नव्हते. आता देतो.

जुन्या महामार्गावर आमची दुकाने समोरासमोर. मधून रिक्षा, एसटी आणि विटांचे ट्रक जात असत, आणि त्या पलीकडे वेताच्या खुर्चीत पांढराशुभ्र सदरा घालून ते बसलेले असत. टायरच्या दुकानात पांढरा सदरा घालणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यावर काळा डाग पडलेलाही कधी पाहिला नाही. रचलेल्या टायरांवर कोणी टेकले की ते शांतपणे म्हणत, "उठा. तो बसण्यासाठी नाही, उभं राहण्यासाठी आहे." मला ते नावाने कधीच हाक मारत नसत. "अहो समोरचे," असे म्हणत. एकदा एका लग्नात आम्ही पंगतीत शेजारी शेजारी बसलो होतो, तेव्हाही त्यांनी मला "समोरचे, मीठ सरकवा" असेच म्हटले.

पहिली खोटी गोष्ट अशी की, ते रनफ्लॅटचे विरोधक होते. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. साधा टायर हवेवर उभा असतो. हवा गेली की तो बसतो आणि गाडी थांबते. रनफ्लॅटच्या बाजूच्या भिंती इतक्या जाड असतात की हवा गेली तरी गाडी त्या भिंतींवर तोल सांभाळून, सावकाश, ठरावीक अंतर चालत राहते. त्याची किंमत म्हणजे बसणारा धक्का. खड्डा कमरेपर्यंत पोहोचतो. जोरदार इंजिनाच्या परदेशी गाड्या पनवेलच्या रस्त्यांवर दिसू लागल्या, तेव्हा त्यांतल्या पुष्कळशा रनफ्लॅट घालून आल्या होत्या आणि डिकीत जादा चाक नव्हते. टायर झिजले की मालकांपुढे प्रश्न उभा राही: पुन्हा तेच घ्यायचे, की साधे, मऊ, वळणावर हाताला नीट कळणारे?

मी दोन्ही प्रकार विकत असे. ते फक्त साधे ठेवत. त्याचे कारण मशीन नव्हे. रनफ्लॅट चढवण्याचे मशीन त्यांच्याकडे माझ्याआधी आले होते, हे गावाने लक्षात ठेवावे. खरे कारण त्यांनी मला एकदा रस्त्याच्या मध्यभागी, दुभाजकावर उभे राहून सांगितले होते. "समोरचे, दोन्ही ठेवले की माणसाचं तोंड आपोआप नफ्याकडे वळतं. मला माझं तोंड माहीत आहे. म्हणून एकच ठेवतो आणि दुसऱ्यासाठी तुमच्याकडे पाठवतो."

आणि ते खरोखर पाठवत. यावरून गावाने दुसरी खोटी गोष्ट रचली, की आमचे आतून काही ठरलेले होते. ठरलेले काहीही नव्हते. त्या पाठवण्याबद्दल त्यांनी माझ्याकडून कधी चहासुद्धा घेतला नाही. चहा ते पीतच नसत. ताक पीत.

त्या ताकाचीही एक हकीकत आहे. गिऱ्हाईक म्हणाले की रनफ्लॅट फार कडक लागतात, तर हे गृहस्थ स्टीलच्या पेल्यात काठोकाठ ताक भरून घेत आणि गाडीच्या मागच्या सीटवर डोळे मिटून बसत. "चालवा. उड्डाणपुलावरून जाऊन या." चामड्याच्या पांढऱ्या सीटांचे मालक घामाघूम होत. परत आल्यावर ते पेल्यात किती उरले ते पाहत आणि निकाल देत. कधी म्हणत, "टायर कडक नाही, तुम्ही ब्रेक वाईट मारता." ताक सीटवर सांडल्याचे मी तरी ऐकले नाही, कारण मांडीवर पंचा अंथरल्याशिवाय ते बसत नसत. विक्षिप्तपणालाही त्यांची अशी शिस्त होती.

पण ताक ही प्रस्तावना. मुख्य होती परीक्षा. साधे टायर मागणाऱ्या प्रत्येकाला ते अंगणात उभे करत, जॅक आणि पाना त्याच्यापुढे ठेवत आणि म्हणत, "चाक काढून पुन्हा लावा." ज्याला जमे त्याला माल मिळे. ज्याला जमत नसे त्याला ते रस्त्याच्या या बाजूला बोट दाखवत. "तुमचा टायर समोर आहे." त्यांचे एक वाक्य मला आजही पुरते: "टायर गाडीला बसवायचा नसतो, माणसाला बसवायचा असतो. पंक्चर झाल्यावर तुम्ही कोण असता, ते आधी कळलं पाहिजे."

एक नामांकित शल्यविशारद लाल गाडी घेऊन आले होते. पान्याकडे पाहून म्हणाले, "या हातांनी मी माणसांची हृदयं उघडतो."

"म्हणूनच म्हणतो," हे म्हणाले, "ते हात पान्यात घालू नका. समोर जा."

डॉक्टर रागाने माझ्याकडे आले, रनफ्लॅट घेऊन गेले, आणि आजही माझे गिऱ्हाईक आहेत. याउलट माझ्याच दुकानात एक बांधकाम व्यावसायिक रनफ्लॅटची ऑर्डर देत असताना पलीकडून हाक आली, "अहो समोरचे, ते महिन्यातून दोनदा मंडणगडच्या पुढे जातात ना? त्या बाजूला हा टायर फाटला तर नवा कोण देणार? जादा चाक ठेवा आणि साधे घ्या म्हणावं." व्यावसायिकाने विचार केला आणि रस्ता ओलांडला. माझी विक्री गेली. मी रात्रभर चडफडलो, आणि सकाळी मला मान्य करावे लागले की सल्ला चोख होता. जो मनुष्य माझ्याकडे रनफ्लॅटची गिऱ्हाइके पाठवतो आणि माझ्याच रनफ्लॅटचे गिऱ्हाईक पळवतो, तो रनफ्लॅटचा वैरी कसा, हे अध्यक्षांनी समजावून सांगावे.

आता त्या टायरकडे येतो.

सुकापूरच्या बाजूला एक नाना होते. उमेदीची वर्षे मिठागरात गेली, पुढे जमिनीला भाव आला, आणि मुलाने, दिनेशने, तीन मजली घर बांधून जर्मन गाडी घेतली. नानांचे मूत्रपिंड निकामी झाले होते. रक्त शुद्ध करून घेण्यासाठी त्यांना आठवड्यातून दोनदा मुंबईच्या रुग्णालयात न्यावे लागे. नेणारी सून. दिनेशला बांधकामाच्या साइटवरून सवड नसे. त्याला सवड असे ती रविवारी पहाटे, मित्रांबरोबर घाटात गाडी पळवायला. ते मित्र त्याला चिडवत, की रनफ्लॅट म्हणजे म्हाताऱ्यांचे टायर.

एके दिवशी रुग्णालयाच्या वाटेवर, खारघरच्या पुढे, पुढच्या डाव्या चाकाची हवा गेल्याचा दिवा समोरच्या फळीवर लागला. खिळा होता. सुनेने वेग उतरवला, डाव्या कडेने गाडी चालवत नानांना वेळेवर पोहोचवले आणि तसेच सावकाश घरी आणले. टायरने आपले काम केले. मग दिनेशने जे केले, ते आमच्या भागात शंभरातले नव्वद लोक करतात. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे त्याने टायर रिमवरून न उतरवताच खिळ्याच्या भोकात बाहेरून रबराची दोरी ठोकून घेतली आणि हवा भरली. टायर बाहेरून नव्यासारखा. काम संपले असे त्याला वाटले.

पुढच्या शनिवारी सगळे कुटुंब सुनेच्या माहेरी, आपट्याला, हळदीला निघाले होते. स्टिअरिंग थरथरते म्हणून बॅलन्सिंग करून घ्यायला दिनेशने गाडी त्यांच्या दुकानापुढे उभी केली. माझ्याकडे गर्दी होती, म्हणून समोर. यात अपमान कोणाचाच नव्हता.

त्यांनी चाक उतरवले, टायर रिममधून काढला, आत बोटे फिरवली आणि बोटे दिनेशपुढे धरली. बोटांवर रबराचा काळा भुगा होता.

"हा पुन्हा चढणार नाही," ते म्हणाले.

"काका, बाहेरून बघा ना. वरची नक्षी पण झिजली नाय," दिनेश म्हणाला. "उद्या सकाळी खंडाळ्याला जायचंय. बॅलन्स करा आणि द्या."

"हवा नसताना हा चाललाय. भिंत आतून गेलीय. एक्सप्रेसवेला तुम्ही ज्या वेगाने जाता, त्या वेगाला ही भिंत फुटेल."

"समोरच्याचा टायर म्हणून बोलता तुम्ही."

तेव्हा मला हाक आली. "अहो समोरचे, जरा या. तुमच्या टायरचा पंचनामा आहे."

मी गेलो, हात घातला आणि म्हणालो की टायर संपला आहे. त्यावर दिनेश हसला. "तुमी तर म्हणणारच. नवा तुमीच विकणार. दोघं मिळून बरं चाललंय तुमचं."

माझा तोल त्या वाक्यावर गेला असता. त्यांचा गेला नाही. ज्यांनी त्यांना तापट म्हटले, त्यांनी हे नीट वाचावे. ते खुर्चीत बसले, ताकाचा एक घोट घेतला आणि म्हणाले, "दिनेशराव, मी खोटा असेन तर टायर कापल्यावर कळेल. पण एकदा कापला की तो कोणाच्याच कामाचा नाही. टायर तुमचा आहे. कापू?"

"नाय," दिनेश म्हणाला. "हात लावायचा नाय."

गाडीचे दार उघडले. नाना पुढच्या सीटवर होते. हळदीसाठी इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी, आणि ज्या हातातून रक्त जाई त्या हातावर पट्टी. "कोनाची गाडी हाय, दिन्या?"

"नाना, तुमी बसा."

"बसलोच हाय. कागदावं नाव कोनाचा हाय?"

"तुमचा."

"मंग शेट, काप तू. माज्या पोराला डोल्यांनी दिसल्याबिगर पटत नाय. लहानपनापासून तसाच हाय."

त्यांनी दिनेशकडे पाहिले. दिनेशने मान वळवली. त्यांनी नानांना पुन्हा विचारले, "नाना, नक्की?" नाना म्हणाले, "तुजी सुरी बोथट हाय का?"

रागाच्या भरात सुरी चालवली, असे अध्यक्ष म्हणाले. अध्यक्षांनी रनफ्लॅटच्या भिंतीवर एकदा सुरी चालवून पाहावी. ती भिंत बोटाएवढी जाड असते आणि रागाने कापली जात नाही. पात्याला साबणाचे पाणी लावत, रेघेरेघेने, दम घेत ती कापावी लागते. टायर मी दाबून धरला होता. त्यांचा पांढरा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. इतक्या वेळात कोणताही राग थंड झाला असता, आणि त्यांना तो आलाच नव्हता.

काप पूर्ण झाल्यावर त्यांनी दोन्ही कडा ओढल्या. रबराचे थर एकमेकांपासून सुटलेले होते. मधल्या फटीत दिनेशचे बोट त्यांनी स्वतः धरून घातले. ते दुसऱ्या पेरापर्यंत आत गेले.

दिनेशने बोट बाहेर काढले. नाना म्हणाले, "खाडीचा बांध असाच जाते. वरशी हिरवा गार, नि आतशी चिंबोऱ्यांनी पोखरलेला. भरतीच्या दिवशी समजते." मग मुलाकडे न पाहता ते म्हणाले, "उद्याच्याला भरतीच होती तुजी."

दिनेश बराच वेळ बोट पुसत होता. मग तो तडकला. "म्हणजे रनफ्लॅटच बेकार. काका, चारही काढा. साधे घाला. आज, आत्ता."

"अहो, हा टायर तुमच्या वडिलांना वेळेवर पोहोचवून मेला," ते म्हणाले. "त्याला बेकार म्हणू नका. आणि साधे हवे असतील तर परीक्षा आहे. पण तुमची नाही. दवाखान्यात कोण नेतं?"

"मी नेते," सून म्हणाली. ती इतका वेळ मागे उभी होती. हळदीची पिवळी साडी, केसांत गजरा.

त्यांनी जॅक आणि पाना तिच्यापुढे ठेवला, आणि त्यांच्याकडचे एक चाक. दिनेश म्हणाला, "काका, साडीत आहे ती." ती म्हणाली, "तुम्ही गजरा धरा." तिने पदर खोचला, चाक पायाच्या पंजावर टेकवले, पंजा उचलून भोके जुळवली आणि बोल्ट हाताने फिरवून मग पाना लावला, तोही समोरासमोरच्या क्रमाने. आम्ही दोघे दुकानदार बघत राहिलो.

"कुठे शिकलात?" त्यांनी विचारले.

"बाबांचा टेम्पो होता, काका. आपट्यात गॅरेज कुठे होतं तेव्हा?"

त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मी त्यांच्या पुतण्याच्या लग्नातही पाहिला नाही. "पास," ते म्हणाले. "पहिल्या नंबरात. तुम्हाला साधे टायर मिळतील. डिकीत जादा चाक बसवून देतो."

"मला साधे नकोत, काका," ती म्हणाली.

परीक्षेत उत्तीर्ण होऊन माल नाकारणारे ते पहिले गिऱ्हाईक होते.

"चाक मी बदलेन हो," ती म्हणाली. "पण तोवर नानांना कुठे बसवू? हायवेच्या कडेला, उन्हात? जाताना दवाखान्यातल्या मशीनची वेळ चुकते, येताना त्यांना चक्कर असते. तुम्ही मला चाक बदलता येतं का ते विचारलंत. मागे कोण बसतं ते विचारलंच नाहीत."

"मागे नाय, मी फुडे बसतो," नाना म्हणाले.

आता मी जे सांगणार आहे, ते अध्यक्षांच्या हकिकतीत नाही, कारण त्याने हसू येत नाही. कैक वर्षे त्या अंगणात त्यांची परीक्षा चालली होती. तिच्यामुळे त्यांची कीर्ती होती. ठाण्याहून, पेणहून लोक तिच्यासाठी येत आणि तिच्यावर चिडून जात. एखाद्या हट्टी मनुष्याने काहीतरी युक्तिवाद करून आपला नियम वाचवला असता. हे खुर्चीतून उठले. त्यांनी जॅक आणि पाना स्वतः उचलला, पांढऱ्या सदऱ्याला वंगण लागले तरी पाहिले नाही, आणि दोन्ही वस्तू आत नेऊन फळीवर ठेवल्या. परत येऊन ते म्हणाले, "बाई बरोबर बोलल्या. आजपासून पहिला प्रश्न तोच." मग माझ्याकडे वळून, "समोरचे, चार रनफ्लॅट. मला नको, यांना. आणि आपट्याची हळद चुकायला नको."

टायर मी चढवले. हळद चुकली नाही. दिनेश त्या रविवारी खंडाळ्याला गेला नाही. सोमवारी त्याने स्वतः नानांना रुग्णालयात नेले. पुढे तो आम्हा दोघांचेही गिऱ्हाईक राहिला, आणि गावभर पसरलेल्या हकिकतीला त्यानेच अनेकदा विरोध केला. पण त्याचे कोणी ऐकले नाही. लोकांना माणूस बदलल्याची गोष्ट नको असते. सुरीची हवी असते.

त्या दिवसानंतर त्यांच्या दुकानात शिरणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न असे, "तुमच्याबरोबर कोण बसतं?" पाना त्याच्या नंतर येई. ते गेले त्या आठवड्यातही खुर्चीतून एका तरुणाला ते हाच प्रश्न विचारत होते. मी रस्त्याच्या या बाजूने ऐकला. जो मनुष्य परक्या घरच्या सुनेपुढे, आपल्याच अंगणात, सर्वांदेखत चूक मान्य करतो आणि मरेपर्यंत तिचाच प्रश्न वापरतो, त्याला हट्टी म्हणणाऱ्या गावात मी राहतो. मी मात्र त्यांच्या समोर दुकान थाटून आयुष्य काढले, याचा मला अभिमान आहे, आणि तो मी कोणाला विचारून बाळगत नाही.

कापलेला टायर त्यांनी कधी टाकला नाही. आता दुकान पुतण्या चालवतो. चांगला मुलगा आहे. नव्या रंगरंगोटीत तो तुकडा कुठे ठेवावा हे त्याला कळेना, म्हणून मी तो मागून आणला आणि माझ्या दुकानात, रस्त्यावरून दिसेल असा, टांगला.

गेल्या आठवड्यात अध्यक्ष माझ्याकडे आले. मुलाने घाटात पळवायची गाडी घेतली आहे. भिंतीवरचा तुकडा पाहून म्हणाले, "हा तोच का हो? कोणाचा म्हणायचा हा?"

"विकलेला माझा," मी म्हणालो. "कापलेला त्यांचा."

अध्यक्ष हसले, मी हसलो नाही, तेव्हा थांबले. "बरं, रनफ्लॅट घेऊ की साधे? तुमच्याकडे दोन्ही आहेत म्हणून आलो."

"मुलाबरोबर कोण बसतं?"

"कोणी नाही. बसायला तयारच नसतं कोणी."

"चाक बदलता येतं त्याला?"

"कॉलेजपासून तेच करतोय."

"डिकीत जादा चाकाला जागा आहे?"

"आहे की."

साधे टायर माझ्याही मांडणीवर होते, अध्यक्षांच्या डोक्याच्या अगदी वर. मी रस्त्याच्या पलीकडे बोट दाखवले.

"मग तिकडे जा," मी म्हणालो. "समोरच्यांनी पाठवलं म्हणून सांगा."